सोळा आकड्यांत हरवलेली दिशा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे सोळा आकडे घेऊन आला. शिष्य म्हटल्यावर लगेच शेंडी राखलेला बटू डोळ्यांपुढे आणू नका. हा चांगला सदतीस वर्षांचा, पोट सुटलेला, चष्मेवाला गृहस्थ होता आणि गेम तयार करणे हा त्याचा व्यवसाय होता. होय, तेच गेम; जे आपली नातवंडे मोबाइलवर खेळतात आणि ज्यांच्या नावाने आपण उठता-बसता बोटे मोडतो. या शिष्याचे नाव सुयोग. गुरू म्हणजे मुळीक सर, तालुक्याच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. सोळा आकडे एका कागदावर होते, चार ओळींत चार-चार असे मांडलेले, आणि त्या सोळांपैकी बारा शून्ये होती.

"सर, यातून मला एक दिशा काढून द्या," सुयोग म्हणाला. "मी सहा दिवस डोकं फोडतोय. माझ्याच्यानं होत नाही."

रविवारची सकाळ होती. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सुयोगला दारात बघताच त्या म्हणाल्या होत्या, "या! दीड वर्षानं रस्ता सापडला होय आमच्या घराचा?" पण त्याचा चेहरा नीट दिसल्यावर पुढचे वाक्य त्यांनी गिळले आणि मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर ठेवले. त्याची बायको गेल्याचे त्यांना ठाऊक होते. तेव्हा दोघेही येऊन भेटून गेले होते.

आता हे आकड्यांचे प्रकरण रूक्ष आहे म्हणून पान उलटू नका. पाच मिनिटांत समजते. मला समजले, तर तुम्हाला न समजायला काय धाड भरली आहे? गेममध्ये जी प्रत्येक वस्तू दिसते, झाड असो, होडी असो की माणूस, तिच्याविषयी संगणकाला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. ती कुठे आहे, ती केवढी आहे, आणि तिचे तोंड कुणीकडे आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुणून सोळा आकड्यांची एक चौकट करतात. पुस्तकात तिला आव्यूह म्हणतात, मुले मॅट्रिक्स म्हणतात. संगणकाला चित्र काढायला ती चौकटच सोयीची पडते. चौकटीतून तिन्ही गोष्टी पुन्हा सुट्या करण्याचीही रीत आहे. जागा ही शेवटच्या उभ्या ओळीत जशीच्या तशी लिहिलेली असते. उरलेल्या तीन उभ्या ओळींची लांबी मोजली की आकार हाती येतो. आणि त्या लांबीने ओळीला भागले की जे उरते ती दिशा.

मुळीक सर वर्गात एक गोष्ट दर वर्षी सांगत. "पोरांनो, तिन्ही सुट्या ठेवा. वरण-भात ताटात कालवायचा असतो, पातेल्यात नाही. उद्या कुणी नुसता भात मागितला तर काय देणार, कप्पाळ?" वर्ग हसे. सुयोग तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि वर्गात त्याच्याइतके चटकन गणित कोणाला सुटत नसे. तो उभा राहून म्हणाला होता, "सर, मागाहून काढता येतंच की! भागाकार कशासाठी आहे मग?" वर्ग पुन्हा हसला, आणि खरे सांगायचे तर सरांनाही त्या उत्तराचे कौतुकच वाटले होते.

पुढे सुयोगने तसेच केले. गेममधली गावे, घरे, झाडे जिथे मांडायची तो एडिटर त्याने स्वतः लिहिला, आणि त्यात सुट्या गोष्टी ठेवायच्याच नाहीत असे ठरवले. वस्तू मांडून झाली की तिन्ही गुणून टाकायच्या आणि फक्त सोळा आकडे जतन करायचे. फाइल लहान होई, गेम वेगात चाले, आणि या युक्तीबद्दल सुयोगची कॉलर ताठ असे.

त्या एडिटरमध्ये गाव मांडणारी होती त्याची बायको, रेवती. चित्रे तिची, प्रोग्राम त्याचा. तीन वर्षे खपून दोघांनी खाडीकाठचे एक गाव उभे केले होते. त्या गेममध्ये कोणी कोणाला गोळी घालत नव्हते. होडीतून माणसांना पलीकडे पोहोचवायचे आणि वाटेत त्यांच्या गोष्टी ऐकायच्या, एवढाच खेळ. धक्का, होड्या, माडाची झाडे, जाळी वाळत घातलेल्या काठ्या, एक लंगडे कुत्रे, सगळे तिने हाताने घडवले. धक्क्यावर तिने सुयोगचाही एक पुतळा उभा केला होता, पोटासकट. "खरं तेच काढते मी," असे म्हणून ती खूप हसली होती.

मग तिला कर्करोग झाला. दोन वर्षांत दोनदा उपचार झाले, दोनदा बरे वाटले, आणि तिसऱ्यांदा तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "आता बास. मला घरी राहू दे." सुयोगला हे पटले नाही. आणखी एक औषध आहे, आणखी एक डॉक्टर आहेत, असे तो म्हणत राहिला, आणि ती मान हलवत राहिली. शेवटी तो तिच्यावर रागावला. जाणाऱ्या माणसावर आपण असे रागावतो, कारण दुसरे काही करता येत नसते. घरात बोलणे कामापुरते उरले. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पंखा कमी करू का.

त्या दिवसांत ती उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन रोज अर्धा तास गावाचे काम करी. एका दुपारी आतल्या खोलीतून तिची हाक आली, "सुयोग, जरा येऊन बघ ना. मी मला पण उभं केलंय धक्क्यावर. बघ मी कुणीकडं बघतेय ते."

बाहेरच्या टेबलावर तो काम करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "नंतर बघतो."

संध्याकाळी त्याने आपल्या संगणकावर गाव उघडले, तर पडद्याच्या अगदी कडेला निळ्या साडीचा पदर तेवढा दिसला. बाकी बाई पडद्याबाहेर होती. कॅमेरा वीतभर फिरवला असता तर दिसली असती. पण त्याला ते सोसेना. आत ती श्वास घेत होती, आणि इथे ती आधीच चित्र होऊन उभी होती. त्याने चटकन ती नाहीशी केली. पुसली नाही, पुसायचा जीव कुठून होणार? त्याच्या धंद्यातले लोक घाईत जे करतात ते त्याने केले. एखादी वस्तू ठेवायची आहे पण दिसायला नको, तर तिचा आकार शून्य करतात. वस्तू तिथेच असते, फक्त दिसत नाही. हवी तेव्हा पुन्हा मोठी करायची. तसा त्याने तो आकार शून्य केला, एडिटरने सवयीप्रमाणे तिन्ही गोष्टी गुणून टाकल्या, आणि फाइल जतन झाली.

रात्री तो ताटे उचलत असताना रेवतीने विचारले, "बघितलंस?"

"हो. छान जमलंय," तो म्हणाला.

त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

दीड वर्ष त्याने त्या गावाकडे ढुंकून पाहिले नाही. मग गेल्या महिन्यात त्याने ठरवले की तिचे गाव पुरे करायचे. त्याचा जुना एडिटर आता नव्या यंत्रांवर चालत नव्हता, म्हणून गाव नव्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये, हलवणे भाग होते. आणि हे नवे इंजिन सोळा आकड्यांची चौकट घेईना. त्याला जागा, आकार आणि दिशा सुटे-सुटे हवे होते. सुयोगने एक प्रोग्राम लिहिला. गावात चारशे बारा वस्तू होत्या. चारशे अकरा सुट्या झाल्या. एकीपाशी प्रोग्राम अडला, कारण शून्याला शून्याने भागायची वेळ आली होती.

हे सगळे त्याने ओसरीवर बसून सांगितले. 'छान जमलंय' हे शब्द सांगताना त्याचा आवाज फाटला. काकूंचे हात थांबले होते. सर कागदाकडे पाहत होते.

"जुनी प्रत?" सरांनी विचारले.

"त्याच फाइलवर जतन केलं, सर. तिचा लॅपटॉपही तीच फाइल उघडायचा. आदली प्रत आहे, पण त्यात ती अजून उभी राहिलेलीच नाही."

"हं."

"मला गाव चालू करायचंय म्हणून नव्हे सर. गाव काय, एका पुतळ्यावाचून चालेल." सुयोगने चष्मा काढून पुसला. "ती म्हणाली होती, बघ मी कुणीकडं बघतेय. म्हणजे तिनं ते मुद्दाम ठरवलं होतं. माझ्यावर राग धरून पाण्याकडं तोंड करून उभी होती, का माझ्याकडं बघत होती, एवढंच मला कळू दे. तेवढं कळलं की मी झोपेन."

सरांनी हात पुढे केला. "दुसरी कुठली चौकट आहे का जवळ? एखाद्या होडीची दे. आधी तुझी रीत बरोबर आहे का ते बघू."

सुयोगने लॅपटॉप उघडून एका होडीचे आकडे वाचून दाखवले. पहिल्या उभ्या ओळीत एक पूर्णांक दोन, शून्य, एक पूर्णांक सहा. सरांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलने प्रत्येकाचा वर्ग केला, बेरीज केली, ती चार आली. वर्गमूळ दोन. "म्हणजे होडी मूळ मापाच्या दुप्पट." मग ओळीला दोनाने भागले. शून्य पूर्णांक सहा, शून्य, शून्य पूर्णांक आठ. "आणि ही तिची दिशा. तुझ्या प्रोग्रामनं काय दिलं?"

"हेच."

"मग रीत बरोबर आहे तुझी," सर म्हणाले. "लॅपटॉपवर गावाचे आकडे उघडे ठेव आणि तू आत जा. काकू पोहे करतील ते खा. मला तासभर एकट्याला बसू दे."

सुयोगच्या मनात आशा पालवली. आपल्याला न सुटलेले गणित सरांनी फळ्यासमोर मिनिटभर उभे राहून सोडवलेले त्याने कितीदा पाहिले होते. शिवाय सरांची एक ख्याती होती. ते एका प्रश्नाला एकच उत्तर देत, आणि ते देण्यापूर्वी तीनदा तपासत. 'असंही असेल, तसंही असेल' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ते वर्गाबाहेर काढत. तो आत जाऊन बसला. काकूंनी पोहे पुढे ठेवले. त्याने दोन घास खाल्ले आणि बशी तशीच राहिली. "खा रे," काकू म्हणाल्या, "उपाशी पोटी वाईट बातमीही पचत नाही आणि चांगलीही." मग त्यांनाच काय वाटले कोण जाणे, पदर डोळ्यांना लावून त्या ओट्याकडे वळल्या.

तासाने सरांनी हाक मारली. त्यांच्या हातात कागदाची एक घडी होती. ती त्यांनी सुयोगला दिली. त्यावर दिशेचे नऊ आकडे होते, तीन उभ्या ओळींचे तीन-तीन, आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिले होते: सुयोगकडे तोंड.

"पडताळून बघ," सर म्हणाले.

सुयोगने ती दिशा लॅपटॉपवर घातली. आकार शून्य ठेवला, जागा तीच ठेवली, आणि तिन्ही गुणले. सोळा आकडे आले. त्याने ते कागदावरच्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिले. सोळाच्या सोळा जुळले.

तो हमसून रडू लागला. सदतीस वर्षांचा माणूस ओसरीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. "माझ्याकडंच बघत होती, सर! माझ्याकडंच बघत होती ती!" काकू धावत बाहेर आल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सरांनी त्याला रडू दिले. मग त्यांनी खिशातून दुसरी घडी काढून त्याच्या पुढ्यात धरली.

"हेही पडताळ."

दुसऱ्या कागदावर वेगळेच नऊ आकडे होते. खाली लिहिले होते: पाण्याकडे तोंड. सुयोगला वाटले, सरांनी चुकीचे उत्तर मुद्दाम दिले आहे, पहिले पक्के व्हावे म्हणून. त्याने ते आकडे घातले, गुणले, ताडून पाहिले. सोळाच्या सोळा जुळले.

सरांनी तिसरी घडी दिली. गावाकडे तोंड. तीही जुळली.

सुयोग ताडकन उठला. लॅपटॉप पायरीवरून पडता पडता वाचला. "ही काय चेष्टा आहे सर? मी इथं काळीज घेऊन आलोय आणि तुम्ही मला चिठ्ठ्या काढायला लावताय?"

काकूही कडाडल्या. "अहो, लाज वाटू द्या जरा! पोराला आधी हसवायचं आणि मग रडवायचं, हे शिकलात होय एकतीस वर्षांत?"

सरांनी दोघांचे ऐकून घेतले. मग ते खुर्चीवरून उतरून सुयोगच्या शेजारी, खाली पायरीवर बसले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना बसायला वेळ लागला.

"पहिला कागद देऊन मी थांबणार होतो," ते म्हणाले. "खोटं सांगत नाही. आत बसून तेच ठरवलं होतं. तू आनंदानं घरी गेला असतास, मीही पुण्य केल्यासारखा गप्प बसलो असतो, आणि गणितानं मला पकडलंही नसतं. मग मनात आलं, हा पोरगा एकदा एका माणसाला न बघता 'छान जमलंय' म्हणाला, त्याचंच त्याला इतकं लागलंय. आता मीही त्याला न बघताच सांगू?"

त्यांनी कॅलेंडरचे ते पान पुढे ओढले.

"होडीला दोनानं गुणलं होतं, म्हणून दोनानं भागून तिची दिशा परत आली. लहान केलेलं मोठं करता येतं. हजारात एक भाग उरला असता ना सुयोग, तरी मी तुला दिशा काढून दिली असती. पण शून्य झाल्यावर कुठलीही दिशा घाल, उत्तर तेच येतं. तीन काय, तीनशे कागद लिहून दिले असते मी, आणि सगळे जुळले असते. सगळंच जुळायला लागलं की समजावं, खरं काय ते सांगणारं कुणी उरलं नाही. तिची दिशा त्या आकड्यांत नाही, बाळा. कुणीही सांगितलं की मी काढून देतो, तर तो तुझं मन राखतोय असं समज."

शेजारच्या घरात रेडिओवर बाजारभाव लागले होते. सुयोग कागदाच्या तिन्ही घड्या हातात घेऊन बसला होता आणि त्यांतली एकही फाडायचे बळ त्याच्यात नव्हते.

"म्हणजे काहीच राहिलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"असं मी कुठं म्हणालो?" सरांनी मूळ कागद उचलला. "सोळात बारा शून्यं आहेत. मग चार काय आहेत? सहा दिवस तू शून्यांत शोधतोयस. या चारांकडं बघितलंस का एकदा तरी?"

सुयोगने पाहिले. चारांपैकी तळाचा 'एक' हा आकडा प्रत्येक चौकटीत असतोच. त्याला अर्थ नसतो. उरलेले तीन शेवटच्या उभ्या ओळीत होते. ती जागा. आकार शून्य केला तरी जागेला धक्का लागत नाही, ती गुणाकाराबाहेर राहते, हे त्याला पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. पण दिशेच्या ध्यासात त्याने जागा वाचलीच नव्हती. 'धक्क्यावर' एवढेच तो समजून होता, आणि धक्का तर चांगला लांबलचक होता.

"तेरा पूर्णांक चार," त्याने वाचले. "मग शून्य पूर्णांक नऊ. मग बावीस."

"आणि तुझा तो पोटवाला पुतळा कुठं आहे?"

सुयोगने लॅपटॉपवर स्वतःची चौकट काढली. चौदा. शून्य पूर्णांक नऊ. बावीस. त्याने दोन्ही पुन्हा वाचले. मागचे दोन आकडे तंतोतंत सारखे होते. पहिल्यात फरक होता तो शून्य पूर्णांक सहाचा, आणि त्यांच्या गावात एक म्हणजे एक मीटर धरलेला होता.

"साठ सेंटीमीटर," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "माझ्या शेजारी. डाव्या हाताला."

"बायकोची जागा तीच असते रे," काकू म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, सरळ रडल्या.

"सगळा धक्का मोकळा होता तिला," सर म्हणाले. "उभी कुठं राहिली ते तिनं लिहून ठेवलंय, आणि ते तू मिटवू शकला नाहीस. रागात होती का, ते मला ठाऊक नाही. माणूस रागातसुद्धा शेजारी उभा राहतो. ती बघत कुणीकडं होती, ते ती तुला दाखवणार होती. ते गेलं. त्याचं दुःख तुला होणार, आणि ते मी कमी करू शकत नाही. पण जवळ होती का, असं कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून हो म्हण."

सुयोगने मान हलवली. एवढ्याने त्याचे दुःख हलके झाले असे मी लिहिणार नाही. तसे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. उलट ती इतकी जवळ होती हे कळल्यावर आपण मान का वर केली नाही, हे त्याला अधिकच टोचू लागले. साठ सेंटीमीटर म्हणजे हात पुढे केला की लागणारे अंतर. खऱ्या घरातही आतली खोली बाहेरच्या टेबलापासून आठ पावलांवर होती.

"पण सर, नवं इंजिन दिशा मागतं," जाताना तो म्हणाला. "रिकामी जागा चालत नाही त्याला. काहीतरी घालावंच लागेल. उंचीचं ठीक आहे, सगळी माणसं तिनं एकाच मापाची केली होती. दिशा कुठली घालू?"

"ते मी सांगायचं नाही," सर म्हणाले. "तुला वाटेल ती घाल. फक्त ती तिची होती असं म्हणू नकोस."

घरी येऊन त्याने गाव उघडले. जागा घातली, आकार एक घातला, आणि निळ्या साडीतली रेवती धक्क्यावर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते आणि रागही नव्हता. स्वतःला घडवताना तिने फक्त केस लांब केले होते, आजारापूर्वी होते तेवढे. सुयोगने तिला आपल्याकडे वळवून पाहिले. गावाकडे वळवून पाहिले. पाण्याकडे वळवून पाहिले. प्रत्येक वेळी ती खरीच वाटली, आणि प्रत्येक वेळी त्याला माहीत होते की ही आपण वळवलेली आहे.

शेवटी त्याने तिला पाण्याकडे वळवले, कारण त्याचा स्वतःचा पुतळाही तिकडेच बघत होता, आणि दोघे एकीकडे बघताहेत हे त्याला बरे वाटले. प्रोग्राम लिहिणारे लोक आकड्यांशेजारी आपल्यासाठी किंवा मागून येणाऱ्यासाठी टीप लिहून ठेवतात. संगणक ती वाचत नाही. सुयोगने त्या ओळीशेजारी लिहिले: जागा रेवतीची. दिशा माझी. खरी दिशा बघायला तिने मला बोलावले होते; मी गेलो नाही.

ते गाव आता पुरे झाले आहे आणि लोक ते खेळतात. धक्क्यावरच्या त्या बाईविषयी कोणी काही विचारत नाही.

हा दृष्टांत सांगून झाल्यावर तात्पर्य सांगायचा प्रघात आहे. माझ्याकडे एवढेच आहे. हे वाचत असताना आतल्या खोलीतून तुम्हाला कोणी "जरा येऊन बघ ना" म्हणाले असेल, तर उठा. हे नंतर वाचता येईल.